गडदे मॅडमची सही

कौसल्या गडदेची आणि माझी ओळख झाली ती तिनं मला खोलीबाहेर काढलं तेव्हा. वाळूजच्या औद्योगिक वसाहतीतल्या प्रयोगशाळेत माझा पहिला दिवस होता. आईनं हौसेनं माळलेला मोगऱ्याचा गजरा केसांत होता, आणि यंत्रं बघायच्या उत्सुकतेनं मी थेट आतल्या वातानुकूलित खोलीत शिरले होते. उंच, सावळी, केस कापडी टोपीत कोंबलेली एक बाई यंत्रासमोर पाठमोरी उभी होती. मागं न वळताच ती म्हणाली, "मोगरा कुणी आणला? बाहेर ठेवा आधी. या मशीनचं नाक माझ्यापेक्षा लई तिखट आहे. तुमचा गजरा कुणाच्या तरी औषधात निघायचा."

मी शरमून गजरा काढला. दुपारी जेवताना तिनं आपल्या डब्यातली जवसाची चटणी माझ्यापुढं सरकवली आणि म्हणाली, "आता माळा. जेवायच्या खोलीत चालतो." त्या दिवसापासून आमची जोडी जमली. दोघी शहरात, उस्मानपुऱ्यात राहायचो, सकाळी क्रांती चौकातून कामगारांच्या बसनं वाळूजला जायचो. मी जंतूंच्या विभागात होते. धातू आणि रसायनं तिच्याकडं.

आमच्याकडं काय यायचं नाही? औषध कंपन्यांची पावडर, गाड्यांच्या सुट्या भागांचं पोलाद, खाद्यतेल, दूध, कारखान्यांचं सांडपाणी. लोक बाटली किंवा पुडी देऊन जात, आणि त्यात काय आहे, किती आहे, हे आम्ही सांगायचं. कौसल्याचं सगळ्यात आवडतं यंत्र म्हणजे पाण्यातले धातू शोधणारं. पाण्याचा फवारा ज्योतीत जातो, आणि ज्योतीतून सोडलेल्या प्रकाशातला आपापल्या वाट्याचा प्रकाश प्रत्येक धातू गिळतो. जेवढा गिळला, तेवढा धातू. भेट द्यायला आलेल्या पाहुण्यांना ती हे वेगळ्याच भाषेत सांगायची. "माझा बाप मेंढरं राखायचा. अंधारात मेंढरू ओरडलं की कोणतं ते आवाजावरनं सांगायचा. हे मशीन तसंच आहे. तांब्याचा आवाज वेगळा, शिशाचा वेगळा."

बाप मेंढरं राखायचा हे ती कधी लपवत नसे, मिरवतही नसे. वाळूजच्या पुढं, गंगापूरच्या वाटेवर आत कुठंतरी तिचं गाव. वसतिगृहात राहून शिकली, विद्यापीठातून रसायनशास्त्राची एम. एस्सी. झाली. लग्न झालं, आणि थोड्याच वर्षांत नवरा रस्त्यावरच्या अपघातात गेला. मूलबाळ नव्हतं. सासरी राहिली नाही, माहेरीही गेली नाही. उस्मानपुऱ्यात दोन खोल्या घेऊन एकटी राहिली. धाकटा भाऊ सोपान गावात शेती आणि मेंढरं बघायचा. दर रविवारी बहीण गावी, नाहीतर भाऊ शहरात. त्याची बायको शांता तिला नणंद म्हणून वागवतच नसे. दोघी चुलीपुढं बसून मैत्रिणींसारख्या हसायच्या.

कामात मात्र कौसल्याला नातं कळत नसे. एकदा एका औषध कंपनीचा अधिकारी आला. त्याच्या मालात नको तो पदार्थ ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त निघाला होता. तो गोड आवाजात म्हणाला, "मॅडम, आणखी एकदा चालवून बघा ना."

"का? मशीन बिघडलं होतं का?"

"नाही, तसं नाही. पण एखाद्या वेळेस होईल पास."

"पास होईस्तोवरच चालवायचं असंल तर मशीन कशाला पाहिजे? नाणं उडवा," ती म्हणाली.

तो रागानं आमचे प्रमुख जोगदंड सरांकडं गेला. सरांनी तिचीच बाजू घेतली. त्यांना ठाऊक होतं, वाळूजमध्ये लोक आमच्या प्रयोगशाळेवर नाही, तिच्या सहीवर भरवसा ठेवायचे. नव्या मुलींना ती एकच गोष्ट पुन्हापुन्हा सांगायची, "आपण आलेल्या नमुन्याबद्दल बोलायचं. बाटलीत जे आहे तेवढंच. विहिरीत काय आहे, गोदामात काय आहे, ते आपण पाहिलेलं नाय."

एका उन्हाळ्यात सोपान प्रयोगशाळेच्या फाटकाशी आला. हातात थंड पेयाची जुनी बाटली, तिच्यात विहिरीचं पाणी. "आक्का, मेंढ्या गाभडायल्या, कोकरं मेलेलीच पडायलीत," तो म्हणाला. "लोकर हातात येतीया. डॉक्टर म्हनतो पान्यात काय तरी हाय. बघ की जरा."

पाणी स्वच्छ दिसत होतं. उजेडात धरलं तर किंचित पिवळट, तेही मनाचा खेळ वाटावा इतकंच. कौसल्यानं काम संपल्यावर ते तपासलं. क्रोमियमची एक जात फार वाईट असते. धातूंवर मुलामा चढवणाऱ्या कारखान्यात ती वापरतात. पाण्यात ती असेल तर आम्ल आणि एक विशिष्ट द्रावण घातल्यावर जांभळा रंग येतो. सोपानच्या पाण्यात द्रावणाचे थेंब पडताच चंबू जांभळा झाला. एरवी असा ठळक रंग आला की तिला समाधान वाटायचं. त्या दिवशी ती स्टुलावर बसून राहिली.

"बाटली घाण असंल," ती म्हणाली. "हे मी धरत नाय."

रविवारी आम्ही दोघी तिच्या गावी गेलो. धुऊन आणलेल्या बाटल्या, बर्फाची पेटी. तिनं सोपानच्या विहिरीचं पाणी घेतलं, शेजारच्या मळ्यातलं घेतलं, खालच्या वस्तीवरच्या हातपंपाचं घेतलं. वस्तीच्या वरच्या अंगाला, नाल्याच्या काठी, मुलाम्याचा एक छोटा कारखाना होता. त्याचं पाणी नाल्यात उतरत होतं. तिथलंही तिनं घेतलं. सोमवारी सगळ्या बाटल्यांत जांभळा रंग आला, यंत्रानंही तेच सांगितलं. नाल्याजवळ सगळ्यात गडद, मग सोपानची विहीर, मग हातपंप.

तिनं गावी जाऊन सगळ्यांना सांगितलं की हे पाणी पिऊ नका. माणसं पारावर बसून ऐकत होती. ऐकून झाल्यावर एक म्हातारी म्हणाली, "बरं बाई, नाय पीत. मंग काय पिऊ?"

परत येताना बसमध्ये कौसल्या मला म्हणाली, "शिकले तेवढ्यात हे नव्हतं गं. किती आहे ते शिकवलं. मग काय करायचं ते नाय शिकवलं."

तिनं प्रदूषणाचं बघणाऱ्या सरकारी कचेरीत तक्रार केली. स्वतःच्या नावानं, गावची लेक म्हणून. सोपाननं आणि वस्तीवरच्या लोकांनी अंगठे दिले. कचेरीतल्या साहेबांनी तिला बसवून चहा पाजला आणि समजावलं, "मॅडम, तुमचं ज्ञान मान्य. पण तुम्हीच तक्रारदार, तुम्हीच नमुना घेणार, तुम्हीच तपासणार, हे कसं चालेल? नमुना सरकारी माणसानं घ्यायला हवा." म्हणणं चुकीचं नव्हतं. तिनं दुसऱ्याला हेच सांगितलं असतं.

सरकारी माणूस आला तोवर पावसाळा सरत आला होता. विहिरी तुडुंब होत्या. सोपान त्या दिवशी मेंढरं घेऊन दूर गेला होता. आलेल्या माणसानं सरपंचाच्या दारी चहा घेतला आणि गावठाणातल्या नळाचं पाणी बाटलीत भरून सील केलं. त्या नळाला टेकडीच्या पलीकडच्या बोअरचं पाणी यायचं. नाल्याशी त्याचा काही संबंध नव्हता. बाटलीवर फक्त गावाचं नाव पडलं, आणि ती तपासणीला आमच्याकडंच आली. त्या कामाची मान्यता आजूबाजूला आमच्याच प्रयोगशाळेकडं होती.

कौसल्या जोगदंड सरांकडं गेली. "सर, हे माझं गाव आहे. हे दुसऱ्याला द्या."

सर म्हणाले, "बाई, दुसऱ्यानं केलं आणि पाणी चांगलं निघालं, तर तुमचे लोक म्हणतील दाबलं. वाईट निघालं तर कारखानेवाला म्हणेल तुम्ही सांगून करवलं. तुम्ही कराल तर कुणी बोट ठेवणार नाही. तुमची सही म्हटल्यावर विषय संपतो."

तिनं केलं. मी तिच्याजवळ उभी होते. शेजारी तुलनेसाठी ठेवलेला चंबू जांभळा झाला होता. गावाच्या पाण्याचा चंबू कोराच राहिला. तिनं वेळ भरेपर्यंत वाट पाहिली, मग त्याहूनही जास्त वेळ. रंग आला नाही.

"कौसल्या, परत करून बघ," मी म्हणाले.

"मशीन बिघडलंय का?" तिनं विचारलं. आवाजात राग नव्हता.

"मग निदान लिही की नमुना चुकीच्या जागचा आहे."

"मी होते का तिथं घ्यायला? गावातून निरोप आलाय म्हणून मला कळलं. ते अहवालात कसं लिहू? ते वेगळं लिहीन, माझ्या नावानं."

तिनं अहवालावर सही केली. त्याच संध्याकाळी कचेरीला दुसरा अर्ज लिहिला. नमुना कुठून घेतला, कुठून घ्यायला हवा होता, सगळं नकाशा काढून. बऱ्याच दिवसांनी त्याचं उत्तर आलं. मान्यताप्राप्त प्रयोगशाळेच्या अहवालानुसार गावचे पाणी पिण्यास योग्य असल्याने प्रकरण बंद करण्यात येत आहे, एवढाच मजकूर. सोबत अहवालाची प्रत जोडली होती, तिच्याच सहीची. ते उत्तर तिनं मला वाचायला दिलं आणि खिडकीशी जाऊन उभी राहिली. जेवायला आली नाही.

तशीच प्रत गावातही गेली होती. सोपान उस्मानपुऱ्यात आला तेव्हा मी तिच्या घरीच होते. तो आत आला नाही, उंबऱ्याशी बसला.

"आक्का, ही सही तुजी हाय का?"

"व्हय."

"मंग पानी चांगलं हाय?"

"नाय."

"मंग सही कशी केली?"

"त्या बाटलीतलं चांगलं होतं, सोपान."

"आमी त्या बाटलीतलं पितो का?"

तिनं चहाचा कप त्याच्यापुढं ठेवला. तोच पुढं म्हणाला, "कारखानेवाला तुजा कागद दावत फिरतोय. म्हनतो, तुमच्याच पोरीनं लिवलंय. मी त्याला काय बोलू?"

"खोटं लिहिलं असतं तर उद्या माझं खरंही कुणी मानलं नसतं."

"आज कुनी मानतंय?" असं म्हणून तो उठला. तिनं केलेला चहा तसाच राहिला.

त्यानंतरही ती गप्प बसली नाही. जोगदंड सर तिच्यासोबत दोनदा कचेरीत गेले. नवे अर्ज झाले. पण प्रत्येक वेळी जुना अहवाल पुढं यायचा. ती महिन्यातून एकदा गावी जाऊन स्वतःच पाणी आणायची, तपासायची. रंग कधी फिका, कधी गडद, पण यायचाच. सोपाननं मेंढरं विकली आणि वाळूजच्या एका गोदामात हमालीला लागला. बसमधून आम्ही त्याला कधी कधी पाहायचो. तो मान वळवायचा. पुढं तो मुलाम्याचा कारखाना मालकाच्या भावाभावांतल्या भांडणात आपोआप बंद पडला. जमिनीत मुरलेलं मात्र निघालं नाही.

मग शांता आजारी पडली. मूत्रपिंडं निकामी झाली होती. घाटीच्या सरकारी दवाखान्यात नेलं, कौसल्या रजा काढून तिच्या उशाशी राहिली. शांता गेली. दहाव्याला जमलेल्या माणसांत कुणीतरी मोठ्यानं विचारलं, "मॅडम, तुमाला कळतं त्यातलं. पान्यानंच गेली न्हव का?"

सगळे तिच्याकडं बघत होते. सोपानही. मी मनात म्हणत होते, हो म्हण, इथं कुणी अहवाल मागत नाही.

"पाण्यानं हे होऊ शकतं," कौसल्या म्हणाली. "शांताचं त्यानंच झालं का, ते मला सांगता येत नाय. तिला साखर पण होती."

सोपान उठून बाहेर गेला. त्यानंतर त्यानं तिचं नावही घेतलं नाही. त्या संध्याकाळी बसमध्ये ती इतकी रडली की कंडक्टर तिकीट न मागता पुढं गेला. "मला माहीत असतं तर सांगितलं नसतं का गं?" एवढंच ती म्हणत राहिली. मी तिचा हात धरून बसले होते.

निवृत्तीनंतर ती उस्मानपुऱ्यातच राहिली. तिनं शिकवलेल्या मुली आज मोठमोठ्या कंपन्यांत आहेत. त्या यायच्या, अडलेलं विचारायच्या, आणि ती त्यांना उत्साहानं समजावायची. गावाचा विषय कुणी काढला तर उठून चहा ठेवायला जायची. एके दिवशी सकाळी शेजारणीनं दार वाजवलं, तर उघडलं नाही. झोपेतच हृदय थांबलं होतं.

सोपानला मी निरोप पाठवला, पण तो येईल असं मला वाटलं नव्हतं. तो आला. केस पूर्ण पांढरे झालेले, बगलेत कापडी पिशवी. दारात बायकांची गर्दी होती म्हणून जिन्याच्या पायरीवर टेकला. मी जवळ गेल्यावर त्यानं ओळखलं.

"ताई, तुमी व्हता तवा तिच्यासंगं," तो म्हणाला. "तिनं कागदावर उलटं लिवलं असतं तर काय झालं असतं?"

मी खरं तेच सांगितलं. "पुन्हा तपासणी झाली असती. तिचं खोटं उघडं पडलं असतं. नोकरी गेली असती. पाणी आहे तसंच राहिलं असतं."

"मला बी तसंच वाटतं," तो म्हणाला. मग खाली बघत बोलला, "पानी तसंच ऱ्हायलं असतं. पन आमी भाऊ-भईन तरी ऱ्हायलो असतो."

आतून हाक आली, माहेरचं कुणी आलंय का म्हणून. सोपाननं पिशवीतून नवी साडी काढली, घडी नीट केली आणि उठला. बायकांनी वाट करून दिली. तो उंबऱ्यापर्यंत गेला, आणि साडी कुणाच्या हाती द्यायची ते न कळून तशीच छातीशी धरून उभा राहिला.