हरिहरपंतांची शुद्ध हवा

हरिहरपंत टिल्लूंनी परळची खोली सोडली ती बायकोच्या दम्यामुळे. गिरण्यांच्या धुरात सरोजताईंना श्वास पुरेना, म्हणून पंतांनी डोंबिवलीला जागा घेऊन एकावन्न साली छोटं कौलारू घर बांधलं. त्या हिवाळ्यात ताईंचा दमा खरंच थांबला. पंतांना मात्र हवेची स्तुती करण्याचा आजार जडला आणि त्यावर औषध नव्हतं.

ऑफिसात, लग्नाच्या पंगतीत ते हवेवरच बोलत. स्मशानातही हळूच म्हणत, "डोंबिवलीला असते तर अजून दहा वर्षं सहज काढली असती."

दुर्दैवाने लोकांनी ऐकलं. ओळखीतली माणसं भराभर घरं बांधायला आली. घरांना विटा लागतात, विटांना भट्टी लागते आणि भट्टीला मोकळी जागा. ती नेमकी पंतांच्या कुंपणापलीकडे होती. वारा असेपर्यंत भट्टीचा धूर दुसऱ्यांच्या घरात जाई, त्यामुळे पंतांची काही तक्रार नव्हती.

चोपन्नच्या मे महिन्यात वाराच पडला. कौलं तव्यासारखी तापली. त्यातच शेतकऱ्यांनी पावसाआधीचे राब भाजायला घेतले. शेतातला पालापाचोळा धुमसू लागला. राबाचा धूर, भट्टीचा धूर, रस्त्यावरची सुकी धूळ, सगळं हलायचं नाव घेईना. खिडक्या उघडल्या की खोकला, लावल्या की घराचीच भट्टी.

"अहो, मला श्वास लागतोय," ताई म्हणाल्या.

"उन्हाचा त्रास आहे गं तो. हवा चांगलीच आहे."

"मग तुमच्या डोळ्यांतून पाणी कसलं येतंय?"

पंत तरातरा भट्टीवर गेले. मालक दौलत आंब्याच्या सावलीला बसला होता.

"अरे, निदान उन्हाळ्यात तरी बंद ठेव ही भट्टी!"

"उन्हाळ्यातच तर चालते ती, पंत. पावसात विटा भाजू का?" दौलत अदबीने उठून उभा राहिला. "आणि तुमच्या साडूंच्या घराच्याच विटा आहेत या."

दुपारी ताईंचे ओठ निळे पडले. तेव्हा कुठे पंत हवेबद्दल गप्प झाले. टांगा, मग गाडी करत त्यांनी ताईंना ठाण्याला, नौपाड्यात आपल्या बहिणीकडे नेलं. तिथे गच्चीवर संध्याकाळी खाडीचा वारा यायचा. चार दिवसांनी ताई पोटभर जेवल्या आणि म्हणाल्या, "मी परत येणार नाही. तुम्हाला तत्त्वासाठी राहायचं असेल तर राहा."

पंत तत्त्वासाठी आठवडाभर राहिले. मग खोकत खोकत ठाण्याला आले.

श्रावणात घर विकायला काढलं. भट्टी बंद होती, सगळीकडे हिरवंगार. दादरचे प्रभाकर सबनीस म्हाताऱ्या आईला घेऊन घर बघायला आले. पंतांनी आयुष्यात प्रथमच खरं सांगितलं, "मे महिन्यात इथे श्वास घेता येत नाही हो."

सबनीस मनापासून हसले. "घर सोडवत नाही वाटतं तुम्हाला!" म्हणाले आणि ओल्या गवतावर उभं राहून त्यांनी छाती भरून श्वास घेतला.

"त्यांच्या आईला सांगायचं होतंत," ताई नंतर म्हणाल्या.

"सांगितलं. तिला कमी ऐकू येतं."

नौपाड्यात त्यांनी दोन खोल्या भाड्याने घेतल्या. ताईंचा दमा पुरता गेला नाही, कडक उन्हात तो तिथेही डोकं वर काढी. पण त्या दिवसांत ताई खिडकीशी खुर्ची टाकून बसत, आणि पंत काही न बोलता त्यांना पंख्याने वारा घालत.