काळोखे सरांचा मैदानाबाहेरचा हंगाम

आमचे नामदेवराव काळोखे सर यंदा साठ वर्षांचे झाले. त्यानिमित्त निघणाऱ्या या अंकात त्यांच्या विद्यार्थिनींच्या वतीने मी चार शब्द लिहावेत, असे संपादक मंडळींनी सांगितले. सरांच्या हाताखाली खो-खो खेळलेल्या मुली आज कुठे कुठे संसाराला लागल्या आहेत. त्यांतल्या बऱ्याच जणींना लिहायला माझ्याहून चांगले जमले असते. पण मी सरांच्याच पेशात पडले आणि याच परिसरात राहिले, म्हणून हा मान माझ्याकडे आला असावा.

सरांची माझी पहिली ओळख मैदानावर झाली नाही, ती आमच्या पिंपरीच्या खोलीच्या पायरीवर झाली. तेव्हा मी आठवीत होते. वडील कंपनीत भट्टीखात्यात होते आणि रात्रपाळी करून सकाळी येऊन झोपले होते. शाळेच्या संघात मला घ्यायचे तर घरची परवानगी हवी, म्हणून सर स्वतः आले. धिप्पाड अंगाचे, डोक्यावर पांढरी टोपी, सायकल भिंतीला टेकवलेली. आई घाबरून वडिलांना उठवायला निघाली, तेव्हा सर म्हणाले, "वहिनी, उठवू नका. शिफ्ट करून आलेत ते. मी बसतो इथंच."

आणि ते खरेच पायरीवर बसून राहिले. आई मेथी निवडत होती. थोड्या वेळाने सरांनी अर्धी जुडी आपल्यापुढे ओढली आणि तेही निवडू लागले. वडील जागे होऊन बाहेर आले तेव्हा शाळेचे मास्तर आपल्या दारात भाजी निवडत बसलेले त्यांना दिसले. परवानगीसाठी सरांना फार बोलावेच लागले नाही. "एवढा वेळ थांबलात, म्हणजे पोरीत काहीतरी बघितलंच असणार तुम्ही," एवढेच वडील म्हणाले.

हा एवढा धीराचा माणूस मैदानावर मात्र वेगळाच होत असे. सर मूळचे देहूकडच्या एका खेड्यातले, तरुणपणी कबड्डीचे नावाजलेले खेळाडू. वर्गात ते अगदी शुद्ध, छापील मराठी बोलत. पण सामना सुरू झाला आणि एखादा निर्णय विरोधात गेला, की त्यांच्या तोंडी गावाकडची बोली येई. "पंच, डोळं उघडं ठिवा जरा! ह्याला फाऊल म्हणत्यात व्हय?" त्यांचा आवाज रेल्वेलाइनपर्यंत जातो, असे आम्ही मुली कौतुकाने सांगत असू. आपले सर आपल्यासाठी भांडतात, याचे आम्हाला भूषण वाटे. दुसऱ्या शाळांचे मास्तर हरल्यावर मुलींना बोलत. आमचे सर आम्हाला कधी बोलले नाहीत, ते सगळे पंचांना बोलत.

पुढे जे घडले ते या गौरव अंकात लिहावे की नाही, याचा मी विचार केला आणि शेवटी सरांनाच विचारले. ते म्हणाले, "ते गाळून लिहिणार असशील तर लिहू नकोस." म्हणून लिहिते.

मी नववीत असताना आमचा संघ आंतरशालेय स्पर्धेत चाकणला अंतिम सामन्यापर्यंत पोहोचला. जिंकलो तर पहिल्यांदाच पुढच्या फेरीला पुण्याला जाणार होतो. आमची कर्णधार मंगल, माझ्याच वर्गातली, पिंपरी गावठाणातल्या जुन्या घराण्यातली मुलगी. समोरच्या संघाची शेवटची खेळाडू तेवढी उरली होती. ती दमलीही होती. मंगल तिच्या मागे लागली आणि तिने तिला खांबाजवळ गाठून हात लावला. त्याच क्षणी शिट्टी वाजली.

खो-खोत पाठलाग करणारीला एकदा धरलेली दिशा सोडता येत नाही, खांदेसुद्धा मागे वळवता येत नाहीत. मंगलचे खांदे वळले, असे पंचांचे म्हणणे होते. म्हणजे फाऊल, आणि गडी बाद नाही. मी विरुद्ध दिशेला तोंड करून मैदानातल्या मधल्या पाटीवर बसले होते, त्यामुळे मला काही दिसले नव्हते. सरांना मात्र आपल्याला सगळे दिसले आहे अशी खात्री होती.

पंच होते शेखसाहेब. पिंपळे गुरवला राहणारे, एका कारखान्यात टर्नर, बारीक चणीचे गृहस्थ. सुट्टीच्या दिवशी हौसेने पंचगिरी करायला येत. सर मैदानाभोवतीची दोरी ओलांडून आत धावले. "खांदं कुठं वळलं? दाखवा मला, कुठं वळलं?" शेखसाहेब शांतपणे म्हणाले, "काळोखे सर, बाहेर जा. वेळ चालू आहे." तेव्हा सरांनी त्यांच्या गळ्यातल्या शिट्टीची दोरी धरून हिसका दिला. शेखसाहेब तोल जाऊन खाली पडले. चष्मा उडाला आणि त्याची एक काच फुटली. तळहाताला खरचटून रक्त आले.

मुख्य पंचांनी सामना थांबवला आणि समोरच्या संघाला विजयी ठरवले. खरे तर वेळ शिल्लक होता. मंगलला त्या मुलीला पुन्हा गाठता आले असते, निदान तसा प्रयत्न तरी करता आला असता.

परतीच्या एस्टीत आम्ही काही जणी रडत होतो. अर्ध्या वाटेवर मंगल उठली आणि सरांच्या सीटजवळ जाऊन उभी राहिली.

"सर, माझं खांदं वळलं व्हतं," ती म्हणाली.

सरांनी तिच्याकडे पाहिले. "नक्की?"

"व्हय. पाय घसरला, तसं वळलं. पंचांनी बरोबर बघितलं."

सरांनी मान हलवली आणि तिला म्हणाले, "बस खाली. पडशील." नंतर पिंपरी येईपर्यंत ते खिडकीबाहेर पाहत होते.

दुसऱ्या दिवशी ते शेखसाहेबांच्या घरी गेले. तिथे काय झाले ते मला पुष्कळ वर्षांनी खुद्द शेखसाहेबांनी सांगितले. सरांनी हात जोडून माफी मागितली. शेखसाहेबांनी त्यांना बसवले, चहा दिला आणि म्हणाले, "माझ्या अंगावर आलात, ते मी विसरून जाईन. पण तुम्ही त्या मुलींच्या डोळ्यांदेखत आलात. त्यांचं काय करायचं ते तुम्हालाच बघावं लागेल."

जिल्ह्याच्या संघटनेने सरांना पुढचा संपूर्ण हंगाम मैदानबंदी केली. शाळेत शिकवायचे, सराव घ्यायचा, पण स्पर्धेच्या मैदानात पाऊल टाकायचे नाही. ही बातमी वस्तीत पसरली तेव्हा पालक खवळले. बहुतेक सगळे कामगार, युनियनची सवय असलेले. माझे वडील चार जणांना घेऊन शाळेत गेले. "सर, आपण मोर्चा नेऊ. एवढ्या तेवढ्यावरून वर्षभर बंदी म्हणजे काय?"

सर म्हणाले, "शिक्षा बरोबर आहे, गायकवाड. मोर्चा कशाला?"

"पण पोरींचं नुकसान होतंय त्यात."

"पोरींचं नुकसान मी केलंय. संघटनेनं नाही."

आमच्या मुख्याध्यापिका लिमये बाई कडक होत्या. शाळेचे नाव खराब झाले म्हणून खेळाचा विभागच सरांकडून काढून घ्यावा, असे कार्यकारी मंडळातल्या काही जणांचे म्हणणे होते. बाईंनी सरांना बोलावून विचारले, "तुम्हाला काय वाटतं?" सर म्हणाले, "आधी मला मुलींशी बोलू द्या. मग तुम्ही ठरवा." आणि प्रार्थनेनंतर साऱ्या शाळेसमोर ते उभे राहिले. गावची बोली नाही की छापील मराठीही नाही, मधलीच काहीतरी भाषा होती ती. "मी पंचांच्या अंगाला हात लावला. ते बरोबर होते, मी चूक होतो. ते चूक असते तरी मी चूकच ठरलो असतो. सामना मुलींच्या हातात होता, तो मी घालवला. मंगलनं खरं सांगितलं. ते सांगायला माझ्यात आहे त्याहून जास्त हिंमत लागते." एवढे बोलून ते रांगेच्या टोकाला जाऊन उभे राहिले. लिमये बाईंनी खेळाचा विभाग त्यांच्याकडेच ठेवला.

पुढच्या हंगामात आमच्यासोबत शिवणाच्या कुलकर्णी बाई येऊ लागल्या. त्यांना खो-खोतले काही म्हणता काही कळत नसे. त्या विणकाम घेऊन बसत आणि आम्ही जिंकलो की हरलो ते आम्हालाच विचारत. पहिल्या सामन्यात आम्ही सारख्या दोरीकडे पाहत होतो, सरांचा आवाज येईल म्हणून. आवाज आला नाही आणि आमचा धुव्वा उडाला. मग मंगलने सगळ्यांना गोळा केले. "आता आपणच बोलायचं," ती म्हणाली. "मला कुठं जायचं दिसलं न्हाई, तर जिला दिसतंय तिनं वरडायचं." दुसऱ्या सामन्यापासून आम्ही एकमेकींना हाका मारू लागलो. कोण दमली आहे, कोणाला खो द्यायचा, समोरच्या पळणाऱ्यांची तुकडी कुठून फुटेल, हे आमचे आम्हाला उमगू लागले.

सर मैदानाबाहेर रस्त्यावर चहाच्या टपरीपाशी उभे असत. बंदी म्हणजे बंदी. फाटकाच्या आत त्यांनी एकदाही पाय टाकला नाही. सामना संपून आम्ही बाहेर आलो की म्हणत, "निकाल नंतर सांगा. आधी पाणी प्या." त्या वर्षी आम्ही फार पुढे गेलो नाही. पण एकही सामना आम्ही भांडून सोडला नाही.

बंदी उठल्यावर पहिल्याच सामन्याला सर दोरीजवळ येऊन बसले. आम्हाला वाटले, आता पुन्हा जुना आवाज येणार. तो आला नाही. सामन्यानंतर मंगलने विचारले, "सर, आज तुम्ही काहीच सांगितलं न्हाई?"

ते म्हणाले, "वर्षभर मी बाहेर उभा राहून ऐकत होतो. आधी मैदानात फक्त माझा आवाज असायचा. तुमचा मला ऐकूच येत नव्हता. आता येतोय, तर मधे कशाला बोलू?"

तेव्हापासून त्यांची शिकवण्याची पद्धतच बदलली. जे सांगायचे ते सरावात. सामन्याच्या दिवशी सगळा निर्णय कर्णधाराचा. अकरावीत, म्हणजे तेव्हाच्या मॅट्रिकच्या वर्षी, आम्ही पुन्हा अंतिम सामना खेळलो आणि पंच पुन्हा शेखसाहेब होते. एक मोठा निर्णय आमच्या विरोधात गेला. मी दोरीकडे पाहिले. सरांनी दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले होते आणि चेहरा लाल झाला होता, पण ते जागचे हलले नाहीत. आम्ही एका गुणाने हरलो. सर उठले, आधी शेखसाहेबांशी हात मिळवला, मग समोरच्या मुलींची पाठ थोपटली. आमच्याजवळ आले तेव्हा म्हणाले, "आज मजा आली." खरेच आली होती. नंतरच्या वर्षांत आमच्या मागून आलेल्या मुलींनी त्या स्पर्धेचा चषक अनेकदा आणला. शेखसाहेब आणि सर यांचा स्नेह तर असा जमला, की ईदला सर सहकुटुंब पिंपळे गुरवला जात आणि दिवाळीला शेखसाहेब सरांकडे.

सरांचे माझ्यावरचे उपकार मोजायचे ठरवले तर अंक पुरणार नाही. सराव संपायला अंधार झाला तर सायकल हातात धरून ते एकेकीला घरापर्यंत पोहोचवत. माझ्या मॅट्रिकनंतर वडिलांच्या मनात माझे लग्न होते. शारीरिक शिक्षणाच्या कॉलेजात मुलगी घालायची, हे त्यांना पटत नव्हते. "आयुष्यभर शिट्टी वाजवत फिरणार का ती?" असे त्यांनी विचारले. सर म्हणाले, "वाजवू द्या की. चांगली शिट्टी वाजवणारी माणसं कमी आहेत." आज मी निगडीच्या शाळेत खेळ शिकवते आणि जिल्ह्याच्या सामन्यांना पंच म्हणून उभी राहते, ती या एका वाक्यामुळे. मंगल तिच्या सासरी, तळेगावकडे, गावच्या मुलींचा संघ चालवते.

गेल्या हिवाळ्यात संत तुकाराम नगरच्या मैदानावर मी पंच होते. सर सेवानिवृत्त झालेले, प्रेक्षकांत बसलेले. मी एका मुलीला फाऊल दिला, तसा तिच्या शाळेचा तरुण शिक्षक दोरी ओलांडून माझ्या अंगावर धावून आला. "मॅडम, डोळे आहेत का?" असे काहीसे तो म्हणाला. मी शिट्टी तोंडातून काढायच्या आत सर त्याच्यापाशी पोहोचले होते. त्यांनी त्याला हात लावला नाही, आवाजही चढवला नाही. "अहो सर, जरा माझ्याशेजारी बसता का?" म्हणाले आणि आपण वळून चालू लागले. काय वाटले कुणास ठाऊक, तो त्यांच्या मागोमाग गेला. मी सामना पुढे चालू केला. संपेपर्यंत दोघे बाकावर बसून बोलत होते.

घरी जाताना मी सरांना विचारले, "काय सांगितलंत त्याला?"

"सांगितलं काहीच नाही. त्याच्या मुलींची नावं विचारली. ही कोण, ती कोण, हिचे वडील काय करतात. सांगता सांगता त्याचा राग उतरला. शेवटी तर एकेकीचं कौतुकच करायला लागला."

सर, आमची सगळ्यांची इच्छा एवढीच आहे. तुमची प्रकृती अशीच ठणठणीत राहो, गुडघे साथ देवोत आणि संध्याकाळी मैदानाकडे तुमची पावले वळत राहोत. अजून पुष्कळ तरुण शिक्षक यायचे आहेत, त्यांच्या मुली यायच्या आहेत, आणि त्या सगळ्यांची नावे तुम्ही निवांतपणे विचारावीत एवढे मोठे आयुष्य तुम्हाला लाभो.

– शारदा गायकवाड