भावोजी हळू का धावू लागले

माझे भावोजी चष्मेवाले. दुकान त्यांचं आणि काउंटर माझा. ताईच्या लग्नानंतर थोडे दिवस मदत म्हणून मी तिथे उभी राहिले, ती अजून उभीच आहे. मेहुणी असल्यामुळे मालकाला तोंडावर बोलायची मुभा आहे, आणि ती मी पुरेपूर वापरते.

या माणसाला व्यसन एकच, लांब पल्ल्याचं धावणं. पन्नाशी उलटली, केस मागे हटले, तरी उजाडलं की हा गृहस्थ अर्धी चड्डी चढवून रस्त्यावर. तलावाभोवती दरवर्षी मोठी शर्यत होते, तिच्यात त्यांच्या वयाच्या गटात भावोजी कायम पहिले आणि बँकेतले निवृत्त साहेब कायम दुसरे. शर्यतीनंतर आठवडाभर दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला आधी शर्यत ऐकावी लागे, मग चष्मा. एका आजीबाईंनी शेवटी हात जोडले, "बाबा रे, मला फक्त सुईत दोरा ओवायचाय."

आणि यंदा भावोजी हळू झाले.

पाय दुखत नव्हते, ताप नव्हता, खोकला नव्हता. नुसता वेग गेला. चढ आला की आतून कोणीतरी ब्रेक दाबून धरतंय असं वाटतं, म्हणायचे. एका सकाळी बँकेतले साहेब शेजारून पुढे सरकले आणि जाताजाता म्हणाले, "काय, आज निवांत?" झालं. त्या दिवशी भावोजींनी एका गिऱ्हाइकाच्या फ्रेममध्ये दुसऱ्याच्याच काचा बसवल्या.

मग सुरू झाले उपाय. नवे बूट आणले. ते चावतात म्हणून जुने काढले. साखर सोडली, अंगात ताकद हवी म्हणून पुन्हा धरली. दुपारी काउंटरमागे बसून पोटऱ्या चोळायला लागले तेव्हा मी म्हटलं, "भावोजी, वय नावाची पण एक गोष्ट असते." त्यावर दोन दिवस माझ्याशी अबोला. ताईने मला बाजूला घेऊन झापलं, "जीभ आवर जरा. घाबरलेत ते. छातीत काही बिघडलं असेल असं वाटतंय त्यांना."

तेव्हा आम्ही मुकाट डॉक्टर गाठला. ताईला दवाखान्याचा वास सोसत नाही, म्हणून बरोबर मी. भावोजींना सरकत्या पट्ट्यावर पळवलं, छातीला तारा लावल्या, रक्त काढलं. डॉक्टर कागद चाळून म्हणाले, "नाडी बरीच मंद आहे, पण रोज धावणाऱ्यांची असते तशी. हृदय ठणठणीत आहे. काही औषधं चालू आहेत का?"

"औषधं?" भावोजींनी छाती पुढे काढली. "आमच्या घरात औषध शिरतच नाही."

मीही मान डोलावली. खोटं कोणीच बोलत नव्हतं, हीच तर गंमत. रोज सकाळ-संध्याकाळ ताई त्यांच्या डोळ्यांत थेंब टाकत होती. डोळ्यांतला दाब वाढला होता म्हणून डोळ्यांच्या डॉक्टरबाईंनी ते यंदाच दिले होते. पण चष्म्याच्या दुकानात डोळ्यांचे थेंब म्हणजे काय, तर काचा पुसायच्या फडक्यासारखी वस्तू. डोळे आमच्या खात्यात, बाकीचं शरीर डॉक्टरांच्या खात्यात, अशी आमची वाटणी. दोन्ही खाती एकाच माणसात आहेत, हे आम्हा दोघा शहाण्यांच्या डोक्यातच आलं नाही.

थेंब ताई का टाकायची, तर हा माणूस दिवसभर लोकांच्या डोळ्यांजवळ हात नेतो, पण स्वतःच्या डोळ्याजवळ बाटली आली की मान फिरवतो. ताई कपाळ धरून, दटावून टाकायची.

मग ताईच्या लेकीचं, माझ्या भाचीचं, बाळंतपण आलं आणि ताई महिनाभर तिच्याकडे गेली. जाताना थेंबांची नवी बाटली माझ्या हातात देऊन गेली. भावोजींनी ती काढून घेतली. म्हणाले, "मेहुणीच्या हातून डोळ्यांत काही घालून घ्यायला मी काय वेडा आहे? मी बघतो माझं." मी म्हटलं, बघा बापडे.

ताई गेली आणि चारआठ दिवसांत भावोजी सुटले. चढावर साहेबांना मागे टाकलं, दुकानात शीळ घालायला लागले, आजीबाईंनाही पुन्हा शर्यत ऐकावी लागली. आता अशी संधी कुठली मेहुणी सोडेल? मी ताईला फोन केला, "तुझी पाठ फिरली आणि नवरा वाऱ्यावर स्वार झाला बघ." ती खळखळून हसली.

परत आली आणि पुढच्याच आठवड्यात त्यांचा वेग पुन्हा गेला, तेव्हा मात्र ती हसली नाही. बायको घरात आली की नवऱ्याचे पाय जड होतात, हे कोणत्या बाईला बरं वाटेल? ओट्याशी पाठमोरी उभी राहून मला म्हणाली, "माझ्यामुळे होतंय का गं हे? खरं सांग." आवाज रडवेला झाला होता. मला माझ्या जिभेचा इतका राग कधी आला नव्हता.

मग आम्ही दोघी बसलो. ती नसताना घरात काय वेगळं होतं? जेवण माझ्या हातचं, म्हणजे वाईटच. झोप तेवढीच. बूट तेच. बोलता बोलता ताई थेंबांची बाटली काढायला उठली आणि खणापाशीच थबकली. परत आल्यापासून ती स्वतः आणलेल्या दुसऱ्या बाटलीतून थेंब टाकत होती; जाताना दिलेली बाटली खणात मागे तशीच होती, झाकणाचं सीलसुद्धा फुटलेलं नव्हतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हा.

डॉक्टरबाईंनी आधी भावोजींची चांगली खरडपट्टी काढली आणि मग समजावलं. हे थेंब डोळ्यांतून नाकात आणि तिथून रक्तात उतरतात, आणि काहींच्या हृदयाला लगाम घालतात. भावोजी म्हणाले, "मग बदलून द्या."

"बदलूनच तर हे दिले होते. पहिल्या थेंबांनी डोळे टोमॅटोसारखे लाल झाले होते, विसरलात?" ते खरं होतं. त्या दिवसांत निम्मी गिऱ्हाइकं दारातूनच परत फिरत. "ऑपरेशनची वेळ अजून आलेली नाही. थेंब टाकल्यावर नाकाजवळचा कोपरा दाबून धरत जा, थोडा फरक पडेल." त्यानंतर त्यांनी मला बाहेर बसवलं, डोळ्यांची आणखी एक तपासणी केली आणि ताईला फोन करून बोलावून घेतलं. ताई वास सोसून आली.

फरक पडला तो खरोखरच थोडा. साहेबांना गाठण्याइतका नाही. शर्यत तोंडावर आली होती आणि भावोजी रोज दुकानात गप्प गप्प. मला बघवेना. मी म्हटलं, "शर्यतीपुरते थेंब बंद ठेवा की. मागे महिनाभर बंद होते, काय आभाळ कोसळलं?" भावोजी काच पुसत राहिले. ताई मात्र माझ्यावर कडाडली, "या बाबतीत तू तोंड घालायचं नाहीस." एवढी ती मला आयुष्यात बोललेली नाही. मलाही राग आला. म्हटलं, मरू दे, आपण कशाला मध्ये पडा.

तरी मी शर्यतीला गेलेच. तलावाला दोन फेऱ्या असतात. मी रस्त्याच्या डाव्या कडेला ताईशेजारी दोरीला चिकटून उभी राहिले. पहिल्या फेरीत साहेब कधीच पुढे गेले आणि बऱ्याच वेळाने आमचे भावोजी आले, पार शेवटच्या घोळक्यात. म्हणजे थेंब टाकले होते. लाउडस्पीकरच्या गोंगाटात माझी हाक कुठली पोचणार, म्हणून मी पाण्याची बाटली दोरीवरून हातभर पुढे धरून नाचवली. ते अगदी जवळून गेले आणि त्यांनी माझ्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

"रागावलेत माझ्यावर," मी ताईला म्हटलं. "राहू देत. मीही बोलणार नाही."

"रागावले नाहीत," ताई म्हणाली. "तू त्यांना दिसली नाहीस. डाव्या डोळ्याचा बाहेरचा कोपरा गेलाय. त्या दिवशी तुला बाहेर बसवून तपासलं, तेव्हा कळलं. थेंब बंद होते त्या महिन्यात दाबाने गेला की आधीच गेला होता, ते डॉक्टरबाईंनाही सांगता येत नाही. पण गेला तो परत येणार नाही."

"मला का नाही सांगितलंत?"

"ते नको म्हणाले. बाटली मी तुझ्या हातात दिली होती ना, तू उगाच मनाला लावून घेशील म्हणून. आज सकाळी मी विचारायच्या आधी त्यांनीच मला हाक मारली, थेंब टाक म्हणून."

मला तिथेच रडू फुटलं. थेंब बंद ठेवा म्हणून मी त्यांच्या मागे लागले होते, आणि हा माणूस काच पुसत सगळं ऐकून घेत होता. ताईने आपला पदर माझ्यापुढे धरला आणि मी त्याला नाकही पुसलं.

दुसऱ्या फेरीला त्यांना भरपूर वेळ लागणार होता, ते एक बरं झालं. मी तोंड धुतलं, दोरीखालून वाकून रस्ता ओलांडला आणि उजव्या कडेला जाऊन उभी राहिले. साहेब शर्यत संपवून चहा पीत होते. शेवटी भावोजी दिसले, लाल चेहरा, संथ पावलं.

"अहो चष्मेवाले," मी बाटली पुढे धरून ओरडले, "जरा लवकर पाय उचला, दुकान उघडायची वेळ झाली."

त्यांनी मला पाहिलं, हसले, आणि माझ्या हातातून बाटली घेतली.