सासऱ्यांचा कोनमापक

माझ्या सासऱ्यांचा आयुष्यात फक्त काटकोनावर विश्वास होता, आणि तोही गुण्या लावून पाहिल्यावर. माणसं उंची, अंतर, उतार सगळं फुगवून सांगतात, अशी त्यांची ठाम समजूत. खडकीच्या कारखान्यातून ड्राफ्ट्समन म्हणून निवृत्त झाले, तरी खिशात कोनमापक कायम. त्याला दोरा, आणि दोऱ्याला ओळंबा म्हणून बांधलेला एक नट. मुलगी बघायला गेलो तेव्हा मी उंची पाच फूट आठ इंच सांगितली. पोह्यांचा घास तोंडात असतानाच त्यांनी मला फाटकाशी उभं केलं, टेपने मोजून दहा फूट मागे गेले, कोनमापकाच्या कडेवरून माझी टाळू न्याहाळली आणि कोष्टकात टॅन्जंट बघून म्हणाले, "पाच फूट सहा. उरलेले दोन इंच आपण घरी ठेवून आलात का?" लग्न झालं, पण संशय काही गेला नाही. मी आयटीत आहे म्हणजे दिवसभर नेमकं काय करतो, हे ते माझ्या बायकोला एकटीला गाठून विचारत.

पुढे ते वाघोलीला दुसऱ्या मजल्यावर राहायला गेले, ते केवळ दक्षिणेच्या गॅलरीसाठी. सासूबाईंचे गुडघे आखडलेले. थंडीत दुपारचं ऊन मिळालं तरच त्या चार पावलं चालत. मग समोर इमारत उठू लागली. सातच मजले होणार, असं बिल्डरचा माणूस म्हणाला. सासऱ्यांना ते पटणं शक्यच नव्हतं. डिसेंबरात भर दुपारी सूर्य अठ्ठेचाळीस अंशांवर असतो. इमारतीचा माथा त्याच्यावर गेला की ऊन संपलं. दर रविवारी ते सासूबाईंच्या खुर्चीशेजारून कोन घेत आणि भिंतीवर पेन्सिलीने लिहीत. समोरच्या वॉचमनला ते सरकारी अधिकारी वाटले, म्हणून तो सलाम ठोकी. त्या सलामाचाही त्यांना संशय येई.

सातावर काम थांबलं नाही. नवव्या मजल्याचा स्लॅब भरून झाला त्या रविवारी सासऱ्यांचा हात फार थरथरत होता, दोरा स्थिर राहीना. शेवटी नाइलाजाने त्यांनी कोनमापक माझ्या हाती दिला. दोरा एकावन्नावर थांबला. खुर्चीतून सासूबाई माझ्याकडे बघत होत्या.

"ऊन राहील ना हो?"

मी म्हणालो, "सेहेचाळीस."

आता सासरे पुन्हा मोजायला लावणार, म्हणून मी घाबरून उभा. त्यांनी पेन्सिल काढून भिंतीवर सेहेचाळीस लिहिलं.

डिसेंबरात गॅलरीत सावली आली आणि सासूबाई आतल्या खोलीत बसू लागल्या. सासऱ्यांनी कोष्टकं तपासली, पंचांग बदललं, मग मला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, "यंदा सूर्याचंच काहीतरी बिनसलंय." खरं सांगायला माझी जीभ रेटली नाही, याची अजून लाज वाटते. ते जाईपर्यंत त्यांनी सूर्यावर संशय घेतला. माझ्यावर मात्र पुन्हा कधीच नाही.