कमिटीत मी वर केलेला हात

नॉटिंगहॅमच्या एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये मी नोकरीला होतो आणि शनिवारी आमच्या भागातल्या ॲथलेटिक्स क्लबचं काम बघायचो. ऐंशीचं दशक संपत आलं होतं. क्लबात गोळाफेक करणारी एक मराठी मुलगी होती, इथेच जन्मलेली, विशीतली. एका हिवाळ्यानंतर तिचा गोळा एकदम मीटरभर पुढे पडायला लागला. खांदेही भरले होते. लगेच कुजबुज सुरू झाली, ही स्टिरॉइड्स घेते.

काउंटीच्या टीमसाठी कुणाची नावं पाठवायची ते ठरवायला क्लबची कमिटी बसली, मीही तिच्यात होतो. चेअरमन म्हणाले, "तिचे खांदे बघा. आणखी काय पुरावा हवा?" मग माझ्याकडे वळले. "तू लॅबमधला माणूस. तू सांग."

"टेस्ट केल्याशिवाय सांगता येणार नाही."

"पण ती काही घेत नाही, याची खात्री देतोस?"

अशी खात्री कुणाबद्दलच देता येत नाही, एवढं तरी मी म्हणायला हवं होतं. पण त्या खोलीत भारतीय मी एकटाच. आपल्यातल्या मुलीची बाजू घेतो असं कुणी म्हणेल, या धास्तीनं गप्प बसलो. तिचं नाव वगळायचं ठरलं तेव्हा मीही हात वर केला.

तिला पत्र गेलं. कारण लिहिलेलं नव्हतं. ती क्लबात परत आली नाही.

सहा-सात वर्षांनी ती आमच्याच हॉस्पिटलमध्ये फिजिओ म्हणून लागली. कँटीनमध्ये समोर येऊन बसली, तेव्हा मीच विषय काढला आणि मी वर केलेल्या हातासकट सगळं सांगून टाकलं.

"मला माहीत होतं, काका," ती तिच्या मोडक्या मराठीत म्हणाली. "त्या विंटरला मी जॉब सोडला, रोज ट्रेनिंग केला. टेस्ट पण दिली असती. कोणी विचारलाच नाही."

"माझा तुझ्यावर विश्वास आहे."

"तेव्हा होता?"

"तेव्हा मला काहीच माहीत नव्हतं."

"मग तेच बोलायचं होतं ना."

ती शांतपणे जेवली आणि वॉर्डकडे निघून गेली.

त्या आठवड्यात मी क्लबला लिहिलं की त्या निर्णयामागे कसलाही पुरावा नव्हता, आणि तशी नोंद करा. नोंद झाली. त्या नोंदीची प्रत मी तिला नेऊन दिली. तिनं ती उभ्यानंच वाचली, "थँक यू, काका" म्हणाली, आणि पुढच्या पेशंटला आत बोलावलं.