गेटवरचे अठरा सेकंद

त्या जीपीएस सेटची आठवण झाली की मला अजून शिसारी येते. सेटची कमी, माझी जास्त.

आमचं सफारीचं गेट मोहर्लीच्या मोठ्या गेटासारखं गजबजलेलं नव्हतं, आडबाजूचं होतं. बाहेर पडणाऱ्या गाडीची वेळ रजिस्टरात लिहायची, हे माझं काम. नवे साहेब आले आणि भिंतीवरचं घड्याळ त्यांना गावठी वाटलं. "उपग्रहाचा टाइम लिहायचा," म्हणाले. स्वतः अकराच्या आत कधी उगवले नाहीत, पण नाकाने कांदे सोलायला पुढे. मग साडेसहाला गेट बंद व्हायच्या पाच मिनिटं आधी मी कपाटातून सेट काढायचो, सेल घालायचो. काम झालं की सेल परत काढून ठेवायचे, नाहीतर कोणीतरी टॉर्चसाठी लंपास करायचं.

आमच्या गावच्या एक बाई गाईड होत्या. दोनदा उशीर झालेला. तिसऱ्यांदा झाला की यादीतून नाव कायमचं जाणार. त्या संध्याकाळी पर्यटकाला वाघाचा अजून एक फोटो हवा होता. गाडी गेटवर आली तेव्हा सेटवर साडेसहा वाजून अकरा सेकंद झाले होते. बाईंनी मोबाइल पुढे केला. त्यात साडेसहाला सात सेकंद बाकी होते.

"हे पाय न भाऊ, टाइमातच आलो आमी."

"बाई, सेट म्हणते तेच लिहा लागते," म्हटलं आणि लिहिलं. बाईंचं नाव यादीतून गेलं. चोर सोडून संन्याशाला फाशी.

पुढे जंगलात कॅमेरे लावायला आलेल्या एका सर्वेवाल्याला हे सांगितलं, तर तो हसायलाच लागला. पृथ्वी फिरताना जराशी मागे पडते, म्हणून आपल्या घड्याळात अधूनमधून एक सेकंद वाढवतात. उपग्रहाच्या घड्याळात वाढवत नाहीत, म्हणून ते अठरा सेकंद पुढे गेलंय. सेट पाव तास उघड्यावर राहिला, तर हा फरक उपग्रहाकडूनच त्याला कळतो. "तुमी सेल काढता, तो सगळं विसरते. पाच मिनिटांत त्याले काय समजन?"

म्हणजे उशीर अकरा सेकंदांचा आणि चूक अठराची. मी तडक साहेबांकडे गेलो.

"अठरा सेकंदांसाठी आता फाइल उघडू का?" साहेब म्हणाले. अकरा सेकंदांसाठी बंद करताना या माणसाचा हात अडला नव्हता. तोंडावर थुंकावंसं वाटलं. पण 'हो साहेब' म्हणून मी बाहेर आलो.

बाई तेव्हा दुसऱ्याच्या बांधीत धान रोवत होत्या. शेताच्या धुऱ्यावर उभं राहून मी सगळं सांगितलं, उपग्रह, सेकंद, साहेब. त्यांनी रोवणं थांबवलं नाही.

"मोबाइल दाखवला होता न तुले," त्या म्हणाल्या. "तवा पेन त तुह्याच हाती होता, भाऊ."