जांभईची खूण

वर्गात कुणी जांभई दिली की इतर मास्तर छडी उचलायचे, आमचे मास्तर कानावरची पेन्सिल उचलायचे. जांभई दिसली की चेहरा असा खुलायचा, जसा कुणी पेढाच दिलाय. "शाबास!" म्हणायचे आणि वाचत असलेल्या ओळीच्या बाजूला एक उभी रेघ मारायचे. आपण काय पराक्रम केला हे त्या पोराला कळायचंच नाही. कर्जतच्या आसपास त्यांना 'जांभई मास्तर' म्हणायचे ते यामुळे. त्यांच्या तोंडावर म्हणायचे, आणि त्यांना त्याचं काहीही वाटत नसे.

मी त्यांच्याकडे बिऱ्हाडकरू होते. पुण्याला शिकून मुलींच्या शाळेवर कर्जतला आले, तेव्हा एकट्या बाईला जागा द्यायला गावात कुणी तयार होईना. त्यातून मी विधवा, त्यातून केस राखलेले, आणि त्यातून माझी जीभ ही अशी. मास्तरांनी मागच्या दोन खोल्या दिल्या आणि वर कुणाला काही बोलू दिलं नाही. काकूंनी, म्हणजे त्यांच्या मंडळींनी, पहिल्याच दिवशी विचारलं, "मोठ्याने वाचता येतं ना हो तुम्हाला? मग संपलंच. आता यांच्या तावडीतून तुमची सुटका नाही."

तसंच झालं. मास्तरांची नजर तेव्हा उतरणीला लागली होती. मुंबईच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, आहे ती जपा, आता कमीच होत जाणार. मास्तरांना डोळ्यांपेक्षा घोर वेगळाच होता. ते म्हणत, "बाई, चौथी झाली की पोर शेतात जातं आणि दोन पावसाळ्यांत अक्षरं विसरतं. का विसरणार नाही? घरात वाचायला काय, तर पंचांग आणि कोर्टाचं समन्स!" मोठ्यांसाठी लिहिलेल्या जुन्या कादंबऱ्या मुलांसाठी लहान करून पुन्हा छापल्या पाहिजेत, हे त्यांनी डोक्यात घेतलं होतं. गिरगावातल्या एका छापखानेवाल्यांनी कशीबशी तयारी दाखवली. दिवाळीच्या आत मजकूर द्या, एक पुस्तक छापून बघू, खपलं तर पुढचं, असं त्यांचं म्हणणं. मास्तरांना ते एक पुस्तक हवं होतं, आणि डोळ्यांत उजेड आहे तोवर हवं होतं.

त्यासाठी त्यांनी निवडलेली कादंबरी त्यांच्या वडिलांच्या वेळची, कधीच बाजारातून नाहीशी झालेली. जाडी इतकी की आम्ही तिला 'वीट' म्हणायचो. एक लहान राजपुत्र, त्याच्या जिवावर उठलेला काका, आणि पोराला घेऊन रानोमाळ पळणारी म्हातारी दाई, एवढीच खरी गोष्ट. पण लेखकाला कसली घाई? दाई पळतेय, मागे घोडेस्वार, आणि हे गृहस्थ चंद्रोदयाचं वर्णन करत बसलेत! चार पानं चंद्र! मास्तर म्हणायचे, "तेवढ्या वेळात घोडेस्वार दोनदा येऊन गेले असते."

संध्याकाळी ओटीवर पोरं जमायची. ठाकरवाडीचा हिरू यायचा, टांगेवाल्या हसनभाईंची जैनब यायची, माझ्या शाळेतल्या मुली यायच्या. पूर्वी मास्तर स्वतः वाचत आणि वाचता वाचता पोरांकडे बघत. कोण गवताची काडी चावतंय, कोण शेजारणीची वेणी ओढतंय, कुणाचं तोंड उघडं राहिलंय, सगळं टिपत. आता चेहरे दिसत नव्हते. म्हणून वाचायची मी, आणि ते भिंतीला टेकून डोळे मिटून ऐकत बसायचे. जांभईचा आवाज आला की बोट वर. "खूण करा, बाई."

चंद्रावर पहिल्याच संध्याकाळी बोट वर गेलं. मला राग आला. तो चंद्र मला फार आवडला होता. तशा भाषेत पुन्हा कुणी लिहिणार होतं का? मी म्हटलं, "मास्तर, चांगलं लिहिलंय हो. थोडं तरी ठेवा."

"तुम्हाला आवडलं ना?"

"हो, आवडलं."

"पण हे पुस्तक तुमच्यासाठी नाही. जांभई खोटं बोलत नाही, बाई. लेखक बोलतो, मास्तर बोलतात, परीक्षक तर बोलतातच. जांभई नाही."

मी फणकाऱ्याने रेघ मारली. इतकी दाबून मारली की टोक मोडलं. त्यावर ते हसले आणि दुसरी पेन्सिल पुढे केली.

सगळं पुन्हा लिहून काढणं त्यांच्या डोळ्यांना झेपणारं नव्हतं, म्हणून त्यांनी वेगळीच तऱ्हा काढली होती. सकाळी अंगणातल्या उजेडात, नाक पानाला लावून, खूण केलेला मजकूर कात्रीने सरळ कापून टाकायचा आणि उरलेला खळ लावून कोऱ्या कागदावर चिकटवायचा. पानाच्या पाठच्या बाजूचा ठेवायचा मजकूर तेवढा मी आधी उतरवून द्यायची. कापलेले तुकडे काकू बंबात घालायच्या. "चंद्रावर पाणी बरं तापलं हो आज," असं त्यांनी मला न्हाणीघरातून ऐकवलेलं आठवतं. मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नव्हते.

आषाढ लागला आणि मास्तरांचं काम धडाक्यात सुरू झालं. रोज जांभया, भरपूर जांभया. इकडून एक, तिकडून दोन, मध्येच तीन-चार एकदम. मास्तर खूश. "अहो, किती फापटपसारा होता बघा यात!" म्हणायचे. मला खटकत होतं. दाई झुलत्या पुलापलीकडे राजपुत्राला पाठवते आणि पोरगा पार झाल्यावर स्वतः अलीकडे उभी राहून कोयत्याने पुलाचे दोर तोडते, हा भाग वाचताना माझा आवाज कापला होता. नेमक्या तिथेच ओटीवर जांभयांचा सुकाळ. मी म्हटलं, "मास्तर, हा नको हो कापायला." ते म्हणाले, "तुमचा चंद्र आणि तुमचा पूल!" दुसऱ्या दिवशी पूल बंबात गेला. काकाचा मृत्यू गेला, गुहा गेली, घोड्यांची शर्यत गेली. विटेची पार कवडी झाली. भाद्रपदात मास्तरांनी ती चिकटवलेली पानं माझ्याकडून पोरांना पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून घेतली. एका बैठकीत संपली.

मग हिरू म्हणाला, "मास्तर, पूल कुठं गेला? दाई कुठं गेली?"

मास्तर म्हणाले, "अरे, तुम्हालाच कंटाळा आला होता. सगळ्यांनी जांभया दिल्यात तिथे."

"कंटाळा कुणाला? तवा आवणी चालू होती ना. दिसभर वाकून वाकून भात लावायचा, मग इथं यायचं. झोप यायची. पण आमी ऐकत व्हतो."

"मी तर मांडीला चिमटे काढून जागी राहिले," जैनब म्हणाली.

मास्तरांचा चेहरा मला अजून दिसतो. सारा जन्म कर्जतात काढलेला माणूस! आषाढात या मुलखातलं पोर न् पोर गुडघाभर चिखलात असतं, हे त्यांना काय मी सांगायचं? पूर्वी त्यांनी पोरांचे डोळे बघितले असते, चिखलाने भरलेले पाय बघितले असते, आणि पेन्सिल कानावरच ठेवली असती. आता त्यांच्यापाशी नुसता कान उरला होता. काकू आतून कडाडल्या, "अहो, दिवसभर राबलेली पोरं ती! जांभया नाही देणार तर काय लेझीम खेळणार? आणि मला मेलीला तरी सुचायला नको? सगळं घातलं ना मी बंबात!" आणि पदर डोळ्याला लावला. पोरं गेल्यावर मास्तरांनी कात्री काकूंच्या हातात दिली आणि म्हणाले, "ही शिवणाच्या डब्यात ठेवा. माझं काम संपलं."

पुस्तक दुसरं मिळण्यासारखं नव्हतं. दिवाळी जवळ आली होती. माणूस जेवेना की बोलेना, नुसता ओटीवर बसून राही. मला ते बघवेना. चौथ्या दिवशी मी हिरूला आणि जैनबला बोलावून घेतलं, मांडीवर पाटी घेऊन तिच्यावर कागद ठेवला, टाक शाईत बुडवला आणि मास्तरांना ऐकू जाईल अशा बेताने म्हटलं, "हं, सांगा रे. पुलाचं काय झालं?"

आणि ती पोरं जी सुटली! एकाला आठवेना तर दुसऱ्याला आठवे. जैनबला घोडे पाठ, कुठला लंगडत होता, कुठल्याच्या कपाळावर चांद होता, सगळं. टांगेवाल्याचीच पोर ती. हिरूला रान पाठ. त्याने दाईला खंडाळ्याच्या घाटाने वर चढवलं, उल्हास नदी ओलांडायला लावली, वाटेत भूक लागली म्हणून कडू कंद उकडून, वाहत्या पाण्यात ठेवून मग खायला घातले. विटेत यातलं काही नव्हतं. तिथे दाई 'सुमधुर फळे भक्षण' करत होती. मी थांबले आणि मास्तरांकडे बघितलं. ते केव्हा भिंतीपासून पुढे सरकले होते कोण जाणे.

"लिहा, लिहा," ते म्हणाले. "मूळ लेखकाला रान ठाऊक नव्हतं."

पूल तोडताना विटेतली दाई पाऊण पान भाषण करायची, 'हे राजकुलदीपका' वगैरे. हिरूला त्यातला शब्द आठवेना. मी विचारलं, "मग काय म्हणाली ती?" तो म्हणाला, "काय म्हणणार? म्हणली, जा रं. मागं बघू नको." मास्तरांनी खिशातून रुमाल काढला, नाक शिंकरलं आणि म्हणाले, "हे असंच ठेवा. मलाही हात लावू देऊ नका." पुस्तकात ते तसंच आहे.

सगळं जुळत आल्यावर मी सांगून टाकलं, "मास्तर, तुमची शर्यत आली, गुहा आली. आता चंद्र मी लिहिणार. पोरांना तो आठवत नाही, मला आठवतो."

"अहो, काय हट्ट हा!"

"हट्ट तर हट्ट. अर्धंच पान."

"लिहा बापडे," ते म्हणाले. "बघू."

दिवाळीच्या आत मजकूर गिरगावात पोचला. छापून यायला मात्र पुढचा पावसाळा उलटला, आणि तोवर मास्तरांची नजर पार गेली होती. छातीचं दुखणंही निघालं होतं. गठ्ठा आला तेव्हा ते अंथरुणात होते. पुस्तक दोन्ही हातांत घेतलं, तोललं, वास घेतला, पानांवरून बोटं फिरवली. "वीट राहिली नाही," म्हणाले. पहिली प्रत हिरूची होती. त्याची चौथी संपली होती, तो आता बापाबरोबर रानात जायचा. दारात उभं राहून त्याने पहिला प्रश्न केला तो हाच, "मास्तर, दाई हाय ना यात?" मास्तर म्हणाले, "आहे रे बाबा, तुझीच आहे. वाडीवर सगळ्यांना वाचून दाखव." त्याने तिथेच उंबऱ्यावर बसून बोट ठेवत ठेवत पहिलं पान वाचलं. मास्तर उशीवरून मान उचलून ऐकत होते. पोरगा अडखळला तिथे त्यांचे ओठ हलत, पण सांगितलं काही नाही. त्याचं त्याला लागू दिलं.

मग रोज दुपारी मी त्यांना पुस्तक वाचून दाखवू लागले. डोळे मिटून ऐकायचे, मध्येच हसायचे. आणि मी चंद्राशी आले. माझं अर्धं पान. जरा आवाज लावून वाचलं, खोटं कशाला बोलू? तिसऱ्या ओळीला मास्तरांनी भलीमोठी जांभई दिली.

मी पुस्तक मिटलं. "ही मुद्दाम दिलीत."

"मुद्दाम जांभई देता येत नाही, बाई. देऊन बघा." आणि बोट वर केलं. "खूण करा."

"नाही करणार."

"बरं," ते म्हणाले. हसू दाबत होते, गालावर दिसत होतं. "मग पुढे वाचा."

पुढे वाचलं. पुलाशी हुंदका आला त्यांना, तो त्यांनी खोकल्यात घातला. पुस्तक पुरं होईपर्यंत ते होते. त्यानंतर फार दिवस काढले नाहीत. काकूंनी त्यांची पेन्सिल मला दिली. मी ती घेतली, पण ते अर्धं पान मी पुढे कित्येक महिने उघडलं नाही. राग होता, दुसरं काय! जाता जाता माझ्या चंद्राला जांभई देऊन गेला माणूस. आणि आता भांडायचं कुणाशी?

पुस्तक वर्षभरात खपलं. छापखानेवाल्यांचा निरोप आला, दुसरी आवृत्ती काढतो, काही दुरुस्ती असेल तर कळवा. दिवस माघाचे होते. आवणी नाही, कापणी नाही, पोरी चांगल्या झोपून, जेवून आलेल्या. वर्गात मी चंद्राचं पान काढलं आणि वाचायला लागले. एक डोळा पुस्तकात, एक पोरींवर. सगळ्या ताठ बसल्या होत्या, शहाण्यासारख्या ऐकत होत्या. एकीचंही तोंड हललं नाही. मनात म्हटलं, बघा मास्तर, बघा आता!

आणि शेवटच्या ओळीला मलाच जांभई आली. चांगली मोठी, डोळ्यांत पाणी आणणारी. पोरी खुदखुदू लागल्या. मीही हसायला लागले, आणि मग ते डोळ्यांतलं पाणी थांबेना. फार आठवण आली मास्तरांची. शेवटी पेन्सिल काढली, पानाच्या बाजूला उभी रेघ मारली आणि पोरींना म्हटलं, "चला, पुढे पुलाचं वाचू."

दुसऱ्या आवृत्तीत चंद्र नाही.